वहीतला साडेनऊ

वडिवळ्याच्या बाजूला मी नर्स म्हणून फिरत होते, तेव्हा गरोदरपणातल्या व्यायामाबद्दल माझं मत ठाम होतं. तो शहरातल्या बायकांसाठी; आमच्या बायकांना गरज नाही. नाणे मावळात पावसाळा म्हणजे लावणी. दिवसभर वाकून, पोटरीभर चिखलात, इंद्रायणी भाताची रोपं लावायची. "याहून मोठा व्यायाम कुठला?" असं मी म्हणायचे आणि बायका हसायच्या. बायका हसल्या की मला आपलं बरोबरच आहे असं वाटे.

त्या वर्षी इर्जिकीत, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या लावणीत, सातव्या महिन्यातली एक सून होती. धाप लागते म्हणाली. मी म्हटलं, "अगं, पोट वाढलं की लागतेच. तुला तर कामाची सवय आहे." तसं ते खोटं नव्हतं, धडधाकट बाईलाही या दिवसांत थोडी धाप लागते. पण बसल्यावर तरी जाते का, हे मी विचारलंच नाही. त्या महिन्यात तिचं रक्तही तपासलं नाही. बाहेर धो धो पाऊस, खोलीत अंधार, हिमोग्लोबिन मोजायला साहलीच्या नळीतला रंग जुळवत बसायचा कंटाळा. मागच्या रकान्यातला साडेनऊ पुढच्या रकान्यात उतरवला. रजिस्टर माझं नेहमीच पूर्ण असायचं.

ती खाचरातच कोसळली. दवाखान्यात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन सहाच्या आसपास निघालं. सातच्या खाली गेलं की तो तीव्र रक्तक्षय, आणि अशा बाईला जास्तीचे श्रम वर्ज्यच. रक्त चढवलं. बाळ दिवस भरायच्या आधी आलं, काचेच्या पेटीत राहिलं, जगलं. पेटीच्या खर्चात त्या घरची बैलजोडी गेली. मला कोणी जाब विचारला नाही, कारण वहीत साडेनऊ होता.

मग मी घाबरून दुसऱ्या टोकाला गेले. दिसेल तिला झोपवायला लागले. एका शिक्षिकेची धरणाकडची संध्याकाळची फेरी बंद पाडली. तब्येत तिची उत्तम, भीती माझी. तिने थोडे दिवस ऐकलं आणि मला न सांगता पुन्हा चालायला लागली. बरं केलं.

खूप नंतर वाचलं की अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 1985 साली गरोदर बाईच्या नाडीचे ठोके व्यायामात 140 च्या वर जाऊ नयेत असं लिहिलं होतं. 1994 मध्ये ती मर्यादा काढली. आज जागतिक आरोग्य संघटना निरोगी गरोदर बाईला आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. थोडक्यात, त्यांनीही घाबरून आकडा लिहिला होता. पण त्यांनी तो खोडला.

फिरायला गेलेली बाई दमली तर बांधावर बसते. इर्जिकीत ओळ सोडून बसायची सोय नसते, सुनेला तर नाहीच. चालताना बोलता आलं पाहिजे, हा आता सगळीकडे सांगतात तो साधा हिशेब. लावणीत बायका गाणी म्हणतात. कोसळलेली ती सून आधी बरेच दिवस म्हणत नव्हती, असं तिच्या जावेने मला सांगितलं. मी त्याच बांधावरून रोज जात होते.

दुसऱ्या खेपेला ती माझ्याकडे आली ती कामशेतहून रक्ताचा रिपोर्ट घेऊनच. कागद माझ्यासमोर ठेवला. "सिस्टर, यातला आकडा बघून लिहा." मी लिहिला. तिने वाकून वहीत बघितलं, मग उठली.