अंडं नाही, यीस्ट नाही, लोणी नाही : खजूर-अक्रोडाचा ब्रेड



शीर्षकातला 'ब्रेड' शब्द वाचून काहीजणींच्या भुवया वर गेल्या असतील. आपल्याकडे ब्रेड म्हटलं की बेकरी, बेकरी म्हटलं की यीस्ट, आणि यीस्ट म्हटलं की विषय संपला. पण आज ज्या ब्रेडबद्दल लिहितेय, त्यात यीस्ट नाही. पीठ आंबवायचं नाही, मळायचं नाही, रात्रभर झाकून ठेवायचं नाही. इंग्रजीत याला 'क्विक ब्रेड' म्हणतात, म्हणजे झटपट ब्रेड. चवीला गोड, आत खजूर आणि अक्रोड, सुरीने जाड काप कापून खायचा. केकचा साधासुधा चुलतभाऊच म्हणा ना.

या पदार्थाकडे मी वळले ते माझ्या नातीमुळे. ती पुण्याला असते, दहा वर्षांची आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नगरला आली होती. शाळेतल्या मैत्रिणींच्या वाढदिवसांच्या गोष्टी सांगता सांगता तिने सरळ विचारलं, "आजी, आपल्या घरी सगळ्याला 'नाही'च का गं? केक नाही, पेस्ट्री नाही, रात्री नाही. मी तिथे नुसती बसून असते."

अंड्यात जीव असतो वगैरे तिला सगळं पाठ आहे. पाठशाळेत नंबर येतो तिचा. तिचा प्रश्न ज्ञानाचा नव्हताच. आपलं ताट रिकामं आणि बाकीच्यांचं भरलेलं, हे दुखणं होतं. सूनबाई मला नंतर हळूच म्हणाल्या, "आई, आत्ता ती येऊन विचारते तरी. आणखी चार वर्षांनी विचारणार नाही, बाहेर खाऊन येईल आणि घरी सांगणार नाही." हे वाक्य माझ्या मनातून जाईना.

आधी बाजारात काही मिळतंय का ते पाहिलं. एका बेकरीत 'एगलेस' लिहिलेला केक होता. मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, फेटायचं भांडं वेगळं असतं का? तो प्रामाणिक होता बिचारा. म्हणाला, "भांडं तेच काकू, पण धुतो." आमचं तिथलं येणंजाणं त्या दिवशी संपलं. पाकिटांवरच्या हिरव्या ठिपक्याचंही असंच. तो ठिपका फक्त शाकाहाराची खूण आहे. मध आणि लोणी घातलेल्या पदार्थालाही हिरवाच ठिपका मिळतो. आपल्याकडे मध, मद्य, मांस आणि लोणी या चार महाविगया आहेत. म्हणजे हिरवा ठिपका पाहून आपलं काम भागत नाही, मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचावीच लागतात.

मग ठरवलं, घरीच करू. इंग्रजी पुस्तकातली कृती घेतली आणि कॉमर्सच्या सवयीने कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे त्यांचं, उजवीकडे आपलं. लोण्याच्या समोर साजूक तूप. मधाच्या समोर गूळ आणि खजूर. व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असू शकतं, म्हणून त्याच्या समोर वेलची. मैद्याच्या समोर घरची कणीक. अंड्याच्या समोर दही. राहता राहिलं फुगवायचं काम, त्याला सोडा आणि बेकिंग पावडर.

या बेकिंग पावडरची गोष्ट मला फार आवडली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम गावात आल्फ्रेड बर्ड नावाचे औषध-रसायनवाले गृहस्थ होते. त्यांच्या पत्नीला, एलिझाबेथला, अंडीही सोसत नव्हती आणि यीस्टही. बायकोला खाता यावं म्हणून त्यांनी १८३७ च्या सुमारास बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ मध्ये यीस्टशिवाय ब्रेड फुगवणारी बेकिंग पावडर. म्हणजे ज्या दोन वस्तू आपल्याला धर्माने वर्ज्य, त्याच त्या बाईला प्रकृतीने वर्ज्य होत्या. तिच्या पथ्यातून निघालेली वस्तू पावणेदोनशे वर्षांनी माझ्या नगरच्या स्वयंपाकघरात कामाला आली.

फुगण्यामागचं कारणही सोपं आहे. सोडा हा क्षार, दही आंबट. दोन्ही एकत्र आले की वायू सुटतो आणि त्याचे बुडबुडे पिठाला वर उचलतात. ओव्हनच्या उष्णतेत ते बुडबुडे पक्के होतात आणि जाळी पडते. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आंबट क्षार दोन्ही आधीच कोरडे मिसळलेले असतात, ओल लागली की ते कामाला लागतात. म्हणून मिश्रण एकदा कालवलं की फोन घ्यायला जायचं नाही. बुडबुडे आपल्यासाठी थांबत नाहीत.

आता कृती. आठ इंच लांबीच्या एका टिनचं हे माप आहे.

बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, गरम दूध १ कप, खायचा सोडा अर्धा चमचा. बारीक चाळणीने चाळलेली कणीक दीड कप, बेकिंग पावडर १ चमचा, वेलचीपूड अर्धा चमचा, चिमूटभर मीठ. किसलेला गूळ अर्धा कप, पातळ केलेलं साजूक तूप पाव कपापेक्षा थोडं जास्त, ताजं दही पाव कप. अक्रोडाचे तुकडे पाऊण कप. इथे चमचा म्हणजे चहाचा सपाट चमचा.

खजूर उघडून आतून नीट पाहून घ्या. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या खजुरात कधी कधी जीव निघतो, त्यामुळे अख्खा खजूर वापरू नका. बारीक चिरून त्यावर सोडा भुरभुरा, गरम दूध ओता आणि अर्धा तास ठेवा. सोड्यामुळे साल मऊ पडते. गार झाल्यावर चमच्याने ठेचा, अगदी लगदा नको. मग त्यात गूळ, तूप आणि दही घाला. गूळ गरम दुधात घालू नका, दूध फाटायची भीती असते.

दुसऱ्या भांड्यात कणीक, बेकिंग पावडर, वेलची आणि मीठ एकत्र करा. ओलं मिश्रण त्यावर ओतून हलक्या हाताने, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच कालवा. पोळीच्या कणकेसारखं मळत बसलात तर ब्रेड चिवट होईल. कणीक मैद्यापेक्षा जास्त ओल ओढते, मिश्रण घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे दूध घाला. भज्याच्या पिठापेक्षा थोडं दाट हवं. शेवटी अक्रोड घाला, थोडे वरून पेरायला ठेवा. तूप लावलेल्या टिनमध्ये ओतून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं ठेवा. मधोमध सुरी खुपसली आणि ती कोरडी निघाली की झालं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर जाळी ठेवून, झाकण घालून मंद आचेवर करा. आमच्या लहानपणी दिवाळीच्या नानकटाईचे ट्रे बेकरीच्या भट्टीत भाजायला न्यायचे. आमच्या आईला तिथल्या ट्रेचा भरवसा नसे, म्हणून ती घरी वाळूवर भाजायची.

अक्रोडाबद्दल एक सांगते. बऱ्याच घरांत फाल्गुनी चौमासीनंतर कार्तिकी चौमासीपर्यंत सुकामेवा बंद असतो, आमच्याकडेही पाळतो. उन्हात-पावसात सुक्या मेव्यात जीव पडतात, हे कुणाही गृहिणीला वेगळं सांगायला नको. म्हणून हा ब्रेड थंडीचाच. मी आडते बाजारातून सालासकट अक्रोड आणते आणि त्याच दिवशी फोडते. फोडलेला अक्रोड पडून राहिला की खवट होतो, आणि एक खवट तुकडा सगळ्या ब्रेडची चव घालवतो.

वेळेचंही गणित आधी मांडा. थंडीत आपल्याकडे सहाच्या आसपास दिवस मावळतो. एक वाजता खजूर भिजवला तर पावणेदोनला टिन ओव्हनमध्ये जातो, अडीच-पावणेतीनला बाहेर येतो. गरम कापला तर चुरा होतो, तासभर तरी निवू द्यायचा. चारला काप पडतात. चौविहार करणाऱ्यांनाही आरामात पुरतो. पुस्तकात लिहितात की हा ब्रेड दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. लागत असेल. पण त्यात ओल आहे, रात्र उलटली की तो आपल्यासाठी पोळीसारखाच वासी. म्हणून घरात माणसं असतील त्याच दिवशी करायचा आणि शेजारीही चार काप द्यायचे.

आणखी एक गंमत. भाजायला लागणारा वेळ आणि आपल्या सामायिकाची ४८ मिनिटं जवळजवळ सारखीच आहेत. पण टिन आत ठेवून सामायिकाला बसू नका गं! सावद्य क्रियेचा त्याग करून बसायचं आणि शेजारी भट्टी पेटलेली, मन त्या वासात, हे काही खरं नाही.

आता खरा मुद्दा. माझ्या नणंदबाईंचा वर्षीतप चालू आहे. त्यांना मी हा ब्रेड केल्याचं सांगितलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, जे सोडलं त्याच्यासारखं दुसरं करून खायचं, तर सोडलं काय? जीभ तर तीच राहिली." मी गप्प झाले. रसपरित्याग हे आपल्या सहा बाह्य तपांपैकी एक आहे. आपला जिल्हा म्हणजे आचार्य आनंदऋषीजी महाराजसाहेबांचा. १९०० साली चिचोंडीत त्यांचा जन्म झाला, १९९२ साली नगरमध्येच त्यांनी देह ठेवला. आनंदधामला दर्शनाला जाणाऱ्या आपण बायका आयंबीलाच्या ओळीत नुसतं उकडलेलं अन्न खाऊन राहतो. आणि या ब्रेडमध्ये पाहिलं तर सहा विगयांपैकी दूध, दही, तूप आणि गूळ अशा चार बसल्या आहेत. हिशेब लपवण्यात अर्थ नाही.

बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, नणंदबाईंचं म्हणणं त्यांच्या पायरीवर अगदी खरं आहे. पण दहा वर्षांचं लेकरू त्या पायरीवर नाही. त्याला आधी इतकंच कळायला हवं, की जीव न दुखावताही गोड खाता येतं आणि आपलं घर म्हणजे नुसती नकाराची पाटी नाही. तरीही त्यांचा धाक मी मनात ठेवला आहे. म्हणून हा ब्रेड आमच्याकडे दर आठवड्याला होत नाही. थंडीत दोन-तीनदाच, काही निमित्त असेल तर.

पौषात नातीचा वाढदिवस आला. मी पहाटेच अक्रोड फोडून पुण्याला गेले आणि तिथे तिच्या हाताने सगळं करून घेतलं. चार मैत्रिणी दुपारीच बोलावल्या होत्या. त्यांना ती ऐटीत सांगत होती, यात अंडं का नाही, लोणी का नाही. आल्फ्रेड बर्डच्या बायकोची गोष्टसुद्धा सांगितली. टिन अर्ध्या तासात रिकामा!

त्यानंतर महिन्याभराने चतुर्दशीला ती पुन्हा नगरला होती. घरी पाहुणे यायचे म्हणून मी ब्रेड केला होता. सगळ्यांच्या बश्या भरल्या. हिने आपली बशी माझ्याकडे सरकवली. "आजी, आज चौदस आहे ना? आज मी हा सोडते." कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला पच्चक्खाण दिलं. नणंदबाई समोरच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त तिच्या पाठीवरून हात फिरवला.

केकला 'नाही' आम्ही म्हणत होतो. हे 'नाही' तिचं स्वतःचं होतं.

थंडी आहे तोवर करून पाहा, मैत्रिणींनो. आणि लेकीसुनांना, नातवंडांना ओट्याजवळ उभं करूनच करा. काही चुकत-माकत लिहिलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.