पेंग्विनच्या मुलखात

आपण सातारा-सांगलीकडची माणसे मृगाची वाट पाहतो, तेव्हा अंटार्क्टिकावरील भारताच्या ‘मैत्री’ केंद्रात सूर्यच उगवत नाही. सुमारे दोन महिने नुसती रात्र! 1989 पासून आपले शास्त्रज्ञ तिथे राहतात. उन्हाळ्यात स्कुआ पक्षी येतात. घारीसारखे धीट, घास पळवणारे. कधी चुकार पेंग्विनही फिरकतो. पण त्यांना तुकडा घालायचा नाही, असा नियम.

मी काही तिथे गेलेलो नाही. मात्र मला पटला तो दुसरा नियम. निघण्यापूर्वी बुटाला, कपड्यांना चिकटलेले बी आणि माती झाडून काढायची. 1955 साली पुण्यात प्रथम नोंदलेले गाजर गवत आज आपल्या बांधाबांधावर आहे. खुरपून घरच्या बायकांच्या कंबरा मोडल्या. परगावचे मळणीयंत्र खळ्यात घेण्याआधी तुम्ही झाडून घेता का?