फळीची कड

लांकडाच्या फळीवर उभें राहून समुद्राच्या लाटेबरोबर किनाऱ्याकडे धांवत यावयाचें, ही हवाई बेटांतील लोकांची फार जुनी क्रीडा. होनोलुलू शहरीं कांहीं दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां ती शिकण्याची हौस आम्हांसही झाली.

वायकीकीच्या किनाऱ्यावर फळ्या भाड्यानें मिळतात. हल्लीं त्या फोंवाच्या करितात. तेथील वृद्ध शिक्षकानें आमच्यापुढें दहा फूट लांब, रुंद व बोथट तोंडाची फळी ठेविली. तिची बाजूची कड, जिला तेथील कारागीर 'रेल' म्हणतात, चांगली जाड व गोल होती. शेजारींच एक सहा फुटी, टोंकदार, पातळ कडेची फळी उभी होती. आम्हांस तीच आवडली. शिक्षक हंसला, आम्हीं हट्टानें ती घेतली. सबंध सकाळ आम्हांस तीवर उभें राहतां आलें नाहीं. अंगाखालीं घेतांच ती अर्धी बुडे, आणि हातांनीं कितीही वल्हविलें तरी लाट खालून निघून जाई. लहान लहान मुलें जाड फळ्यांवर उभीं राहून आमच्या शेजारून गेलीं, तें दुःख निराळेंच!

दुसऱ्या दिवशीं मुकाट्यानें जाड फळी घेतली, आणि तिसऱ्याच लाटेवर आम्ही उभे राहिलों. तेथील लाट दूरवर चालते, पण तिचा उतार बेताचा. तेव्हां तरंगण्याचें बळ फळीनेंच पुरविलें पाहिजे. गोल कडेला पाणी वळसा घालून चिकटतें. त्यानें वेग थोडा कमी होतो खरा, पण फळी डगमगत नाहीं.

उथळ पाण्यास खळखळाट फार, या न्यायानें आठवड्यांतच आम्ही तीच फळी घेऊन एका उभ्या लाटेकडे गेलों. (घरीं हें कळविलें नव्हतें.) उभ्या लाटेवरून आडवें जावयाचें तर लाटेकडील कड पाण्यांत रुतली पाहिजे. आमची जाड कड रुतेना. रुंद शेपूट घसरलें आणि आम्ही पाण्याखालीं गेलों. वर कोणतें व खालीं कोणतें हें कळेना. श्वास संपत आला. पायास बांधलेल्या दोरीनें फळीचा माग लागला, म्हणून वर आलों. गुडघा मात्र खडकावर सोलवटून निघाला.

शिक्षक रागावला नाहीं. त्यानें १९३७ सालची हकीकत सांगितली. त्या काळीं फळ्यांस बहुधा खालचें सुकाणूं नसे, आणि उभ्या लाटेवर त्यांचें रुंद शेपूट असेंच घसरे. होनोलुलूच्या जॉन केली व फ्रान हीथ या तरुणांनीं चिडून एका फळीचें शेपूट चक्क कुऱ्हाडीनें तासून अरुंद केलें. तें पाण्यांत रुतूं लागलें, आणि फळी लाटेस धरून राहिली! पुढें कारागीर कडेकडेही बारकाईनें पाहूं लागले. आतां पुष्कळ फळ्यांची कड पुढें मऊ व गोल, आणि शेपटाजवळ खालून धारदार ठेवितात. त्या धारेपाशीं पाणी चटकन् सुटतें व वेग वाढतो.

निघण्याच्या दिवशीं आम्हीं त्या पातळ फळीच्या कडेवरून एकदां हात फिरविला. भाडें मात्र जाड फळीचेंच दिलें.