वाक कुठे द्यायचा

या लेखासाठी संपादकांचा फोन आला तेव्हा माझ्या टेबलावर परत आलेलं एक खुरपं पडलं होतं. सोलापुरातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं ते परत केलं होतं. गच्चीवर पन्नासेक कुंड्या, रोज सकाळी तासभर काम, आणि महिन्याभरात अंगठ्याच्या मुळाशी ठणका. खुरपं मीच आखलेलं. शहरातल्या बागकामासाठी अवजारं आखणं हाच माझा व्यवसाय.

चूक मुठीच्या जाडीत होती. ती मी माझ्या हातावरून घेतली होती, 42 मिलिमीटर. बाईंच्या बोटांचा तिला पुरता वेढा पडत नव्हता. अशा वेळी अवजार निसटू नये म्हणून हात सतत आवळलेला राहतो आणि सगळा ताण अंगठ्यावर येतो. नवी मूठ 32 मिलिमीटरची केली. पण ही गोष्ट मला आधी का सुचली नाही, हे अजून टोचतं.

दुकानात लोक मूठ दाबून बघतात. मऊ लागली की आरामदायी, असा हिशेब. हा गैरसमज मी वीस वर्षं ऐकतो आहे. मऊ रबरात वाळूचे कण रुततात आणि तळहात सोलतात. बोटांसाठी खाचा पाडलेली मूठ तर एकाच मापाच्या हाताची. इतरांना त्या खाचांच्या कडा बोटांमध्ये टोचतात. आराम मऊपणात नसतो, कोनात असतो. घट्ट मूठ आवळा आणि मनगट पुरतं आत वाकवा. मूठ आपोआप सैल पडते. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांच्या नऊ कंडरा आणि एक मोठी नस जाते. वाकलेल्या मनगटानं जोर लावला की कंडरा घासतात, नस दबते. म्हणून वाक अवजाराला द्यायचा, मनगटाला नाही. अमेरिकेत अभ्यासक एर्विन टिशॉअर यांनी कारखान्यातल्या पकडींबाबत हेच मांडलं आणि पकडीच्या दांड्या वाकवल्या.

आमच्या गावच्या, मंद्रूपच्या खुरप्यात हा वाक आधीपासून आहे. पात्याची दांडी वर उठून वळते, मगच मुठीत शिरते. त्यामुळे पातं जमिनीलगत सरपटतं, हात वर राहतो आणि मनगट सरळ. लोहार कोनमापक वापरत नाही. ऐरणीवर दोन ठोके देऊन डोळ्यांसमोर धरतो, पुन्हा एक ठोका देतो. शहरात मिळणारं सरळ दांडीचं खुरपं कमरेएवढ्या उंच कुंडीत घालून बघा, मनगट मोडतंच.

तरी गावच्या खुरप्याचं कौतुक करून थांबणं मला जमत नाही. त्याची मूठ आखूड असते, शेवटचं टोक नेमकं तळहाताच्या मध्यावर रुततं. ज्वारीच्या रानात खुरपणाऱ्या बायका मुठीला लुगड्याची चिंधी गुंडाळतात. त्या चिंधीनं जाडी वाढते, घाम टिपला जातो, टोक बोथट होतं. मी आखलेल्या मुठीची लांबी 120 मिलिमीटर आहे, म्हणजे टोक तळहाताबाहेर निघतं. ते मी या चिंधीवरूनच शिकलो. शेतातली अवजारं सुधारण्याचे प्रयत्न इतरांनीही केले. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं हलका, दातेरी वैभव विळा दिला. कॅलिफोर्नियात आखूड दांड्याच्या कुदळीनं मजुरांच्या पाठी मोडत होत्या. 1975 साली तिच्यावर बंदी आली. आपल्याकडे मात्र दिवसभर उकिडवं बसून खुरपणाऱ्या बाईच्या पाठीचा विचार फारसा होत नाही. मीसुद्धा तासभर गच्चीवर रमणाऱ्यांसाठी काम करतो, कारण पैसे तेच देतात. माझ्या खुरप्याची किंमत मंद्रूपच्या मजूर बाईच्या दोन दिवसांच्या कमाईएवढी आहे. हे लिहिताना हात अडखळतो.

गेल्या पावसाळ्यात 32च्या मुठीचं खुरपं घेऊन मी गावी गेलो. बांधावर एका आजींच्या हातात दिलं. त्यांनी पाच-सहा हात मारले, पातं बोटानं वाजवून बघितलं.

"हे आमच्या काळ्या रानात टिकायचं नाय बगा," म्हणाल्या. "कुंडीतल्या मातीचं हाय ते. मूठ तेवढी काढून द्या की."

संध्याकाळी लोहारानं त्यांच्या जुन्या पात्याची दांडी तापवली आणि माझ्या मुठीत ठोकली. लाकूड जळल्याचा वास आला. आजींनी चिंधी मात्र पुन्हा गुंडाळली, या वेळी एकच पदर.