आकाशाची वहिवाट

मराठीत ‘अधिकार’ हा शब्द दोन निराळ्या अर्थांनी वावरतो. कोर्टात आम्ही त्याचा उच्चार करतो तेव्हा त्याचा अर्थ ‘हक्क’ असा असतो. तो मागावयाचा असतो आणि कोणी नाकारल्यास भांडून घ्यावयाचा असतो. देवळाच्या सभामंडपात पुराणिकबुवा तोच शब्द उच्चारतात तेव्हा त्याचा अर्थ ‘पात्रता’ असा होतो; ती मागून मिळत नाही, साधनेने अंगी आणावी लागते. वकिली आणि देवळाचा शेजार ही दोन्ही आमच्या वाट्यास आल्यामुळे हे दोन अर्थ आमच्या मनात सदैव एकमेकांशी हुज्जत घालीत असतात. परंतु या दोन अर्थांचे भांडण अमेरिकेत जितके उघडपणे, आणि तेही प्रत्यक्ष आकाशात, झाले तितके अन्यत्र क्वचितच झाले असेल. ते भांडण परवानाधारक हौशी रेडिओवाले आणि ‘सिटिझन्स बँड’वाले यांचे.

हौशी रेडिओवाल्यांना तिकडे ‘हॅम’ म्हणतात. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने त्यांना परवाना सक्तीचा केला आणि दोनशे मीटर व त्याहून आखूड लहरींत त्यांची रवानगी केली. त्या काळी या आखूड लहरी निरुपयोगी समजल्या जात. गावाबाहेरचे माळरानच म्हणा ना! परंतु या मंडळींनी त्या माळावर मळा फुलविला आणि १९२३ च्या नोव्हेंबरात अटलांटिकच्या पलीकडे फ्रान्सशी दुतर्फा संभाषण करून दाखविले. परवान्यासाठी विद्युत्शास्त्राची आणि कायद्याची परीक्षा द्यावी लागे. मोर्सच्या कट्ट-कडकट्ट भाषेत मिनिटास पाच, वरच्या वर्गास तेरा शब्द घ्यावे लागत. परीक्षा उतरल्यावर सरकारकडून एक संकेतनाम मिळे. प्रत्येक संभाषणात ते सांगणे भाग असे. म्हणजे आकाशात बोलणाऱ्या माणसाला नावगाव लपविण्याची सोय नव्हती. पात्रतेचा अधिकार तो हाच.

पुढे १९५८ साली तिकडच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने हौशी मंडळींकडील अकरा मीटरचा, म्हणजे सत्तावीस मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा काढून घेतला आणि तो सामान्य नागरिकांस दिला. त्या पट्ट्यात वर्दळ बेताचीच होती हे खरे. पण पडीक का होईना, तुकडा हातचा गेला की मालकाच्या काळजात सल राहतोच. जमिनीचे दावे चालविणाऱ्यांस हे सांगावयास नको. नव्या पट्ट्याचा हेतू मात्र चांगला होता. शेतकऱ्याने शेतातून घराशी बोलावे, छोट्या व्यापाऱ्याने आपल्या गाडीवानाशी बोलावे, यासाठी परीक्षा कशाला? फॉर्म भरावा, फी द्यावी, चार वॅटचे यंत्र घ्यावे आणि बोलावे. हक्काचा अधिकार तो असा.

काही वर्षे हे सुरळीत चालले. १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली, आणि १९७४ मध्ये साऱ्या अमेरिकेत मोटारींना ताशी पंचावन्न मैलांची मर्यादा घातली गेली. ट्रकवाले एकमेकांना पेट्रोलपंपांची व पोलिसांची बातमी सीबीवरून देऊ लागले. १९७५ साली त्यांच्यावरचे ‘कॉन्व्हॉय’ हे गाणे घरोघर गाजले. अर्ज लाखांनी येऊ लागले, आणि अर्ज न करताच बोलणारेही उदंड झाले. संकेतनामाच्या जागी टोपणनावे आली. १९७६ साली तर राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही ‘फर्स्ट मामा’ हे नाव घेतले. (आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ; तिकडे प्रत्यक्ष आई!) गर्दी आवरेना म्हणून १९७७ च्या आरंभी तेवीस चॅनेलांची चाळीस करण्यात आली.

हौशी मंडळींची तक्रार निव्वळ मत्सराची नव्हती. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते. ते भरास आले की सत्तावीस मेगाहर्ट्झच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन हजारो मैल जातात. १९७९ च्या सुमारास असा भर होता. दीडशे मैलांपलीकडे बोलू नये असा नियम असता लोक खंडापार गप्पा मारीत. चार वॅटची मर्यादा असता शेकडो वॅटचे अॅम्प्लिफायर जोडीत. आणि कित्येक जण चाळिसाव्या चॅनेलच्या वर सरकत सरकत हौशींच्या दहा मीटरच्या पट्ट्याकडे जात. त्यात आणखी एक गंमत. सत्तावीसची दुप्पट चोपन्न, आणि चोपन्न मेगाहर्ट्झपासूनच तिकडच्या टेलिव्हिजनचे दुसरे चॅनेल सुरू होई. त्यामुळे ओबडधोबड अॅम्प्लिफायर चालू झाला की शेजाऱ्याच्या पडद्यावर आडव्यातिडव्या रेघा उमटत. शेजारी बाहेर येऊन पाही तो सर्वांत उंच एरियल दिसे ते परवानाधारकाचे! चोरी एकाची, बोभाटा दुसऱ्याचा. कहर म्हणजे १९७८ साली कमिशनने अशा अॅम्प्लिफायरांच्या विक्रीवर जे निर्बंध घातले त्यांत दहा मीटरवर चालणारी, हौशींना कायदेशीरपणे वापरता येणारी यंत्रेही सापडली. नियम मोडला एकांनी, आणि जाच झाला नियम पाळणाऱ्यांस.

तथापि दुसऱ्या पक्षाचे कैफियतपत्र वाचल्यावाचून निकाल देणे आमच्या धंद्यास शोभणारे नव्हे. मध्यरात्री निर्मनुष्य रस्त्यावर एकट्याने ट्रक हाकणाऱ्यास मोर्सची बाराखडी काय कामाची? त्याला हवा होता दुसऱ्या माणसाचा आवाज. नववे चॅनेल संकटासाठी राखून ठेवलेले होते. ‘रिॲक्ट’ ही संस्था १९६२ पासून स्वयंसेवकांकरवी त्यावर कान ठेवून बसे आणि अडलेल्या वाटसरूला मदत पोहोचवी. ही काही उपऱ्यांची धुडगूस नव्हे. उलट, कित्येक हौशी मंडळी सीबीवाल्यांची हेटाळणी करण्यात धन्यता मानीत. पात्रतेचा अभिमान कित्येकदा दाराला कडी घालण्याचे निमित्त होतो, हे देवळाचे महाजन आणि जत्रेला लोटणारा भाविक यांच्यामधला ताण ज्याने पाहिला त्याला समजावून द्यावयास नको. ज्या मोर्सच्या परीक्षेस ही मंडळी उंबरठा मानीत, ती अमेरिकेत २००७ साली रद्दच झाली. आणि उंबरठा गेला म्हणून देऊळ काही कोसळले नाही.

१९८३ मध्ये कमिशनने सीबीचा वैयक्तिक परवाना काढून टाकला. ज्याला जे करता आले नाही ते त्याने कायद्यातून वगळले, असे कोणी म्हणेल. आम्ही त्यास वहिवाट म्हणतो. आपल्या १८८२ च्या कायद्यातही शेजाऱ्याच्या शेतातून उघडपणे, हक्काने, अखंड वीस वर्षे जाणाऱ्यास वाटेचा हक्क मिळतो. आकाशातील या वाटेस पंचवीस वर्षे लागली. मात्र वहिवाटीचा हक्क जाण्यायेण्याचा असतो. वाटेवर गाडे सोडून इतरांची वाट अडविण्याचा हक्क कोणत्याही वहिवाटीने उत्पन्न होत नाही. हा भेद ज्यांनी ओळखला नाही त्यांच्याशीच खरे भांडण होते, मग त्यांच्यापाशी परवाना असो वा नसो.

परवाना नाही म्हणजे अपराध, असे सरसकट म्हणण्याचा धीर निदान आपणां मराठी-कोकणी लोकांस व्हावयाचा नाही. १९४२ साली मुंबईत उषा मेहतांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालविला तो काही इंग्रजांची अनुज्ञा घेऊन नव्हे. १९५५ ते १९६१ या काळात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी आंबोली, कॅसलरॉकच्या रानांतून गोमंतकाच्या मुक्तीचा आवाज घुमविला, त्यालाही पोर्तुगीजांचा शिक्का नव्हता. पण येथे एक कसोटी लागते. नियमभंगाची किंमत कोणी मोजली? उषाबेनांनी चार वर्षांची सजा स्वतः भोगली. हजार वॅटचा अॅम्प्लिफायर लावून गप्पा मारणाऱ्याची किंमत मात्र शेजाऱ्याने मोजली. सत्याग्रह आणि उच्छृंखलपणा यांमधील अंतर एवढेच आहे, पण ते फार मोठे आहे.

पात्रतेचे मोलही आपण जवळून पाहिले आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरलाच होत्या. दूरध्वनी मुके झाले असता त्यांच्या यंत्राने अंदमानची खबर मुख्य भूमीस दिली. हे अभ्यासाचे फळ. पुढल्याच वर्षी, २००५ मध्ये, आपल्या सरकारने सत्तावीस मेगाहर्ट्झचा पट्टा पाच वॅटपर्यंत परवान्यावाचून खुला केला. ही नागरिकावरील विश्वासाची खूण. दोन्ही अधिकार एका देशात नांदू शकतात, ते असे.

आता हा प्रश्न आपल्या अंगणातही आला आहे. जत्रेत पालखीपुढे धावणाऱ्या स्वयंसेवकांच्या हाती स्वस्त वॉकी-टॉकी दिसतात. घरबसल्या मागविलेल्या अशा पुष्कळ यंत्रांत हौशी मंडळींच्याच नव्हे, पोलिसांच्याही लहरींवर बोलण्याची शक्ती असते. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यांच्या ऑनलाइन विक्रीस नियम घातले ते याचसाठी. हरवलेले मूल आईस भेटवावे हा स्वयंसेवकाचा हेतू पवित्रच आहे. पण त्याच क्षणी कोणा रुग्णवाहिकेचा निरोप आपल्या बोलण्याखाली दडपला गेला तर? ४४६ मेगाहर्ट्झवर अल्प शक्तीच्या यंत्रांस परवाना लागत नाही. उत्सव-समित्यांनी तसली यंत्रे पारखून घ्यावीत, एवढी आमची विनंती.

हौशी रेडिओवाल्यांचा पहिला धडा मोर्सचा नव्हे. तो असा, की बटण दाबण्यापूर्वी ऐकावे. तेथे आधीच कोणी बोलत असेल तर थांबावे. या धड्यास परीक्षा लागत नाही आणि फीही पडत नाही. हक्क आणि पात्रता हे दोन्ही अधिकार जेथे एक होतात ती जागा कदाचित हीच असावी.