वाळूवरची अक्षरे

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाचा समुद्र हा संध्याकाळचा असतो. दिवसभराची कामे उरकावीत, उन्हे उतरली की वाळूवर जाऊन बसावे आणि सूर्य पाण्यात बुडताना पाहून घरी परतावे, हा आपला शिरस्ता. व्हिएतनामच्या मध्यभागी दा नांग नावाचे शहर आहे. तेथला किनारा पूर्वेकडे तोंड करून बसलेला. तेथे सूर्य समुद्रातून वर येतो, आणि एवढ्या एका फरकाने माणसांचे सारे वेळापत्रक उलटे होऊन जाते.

मेच्या सुट्टीत आम्ही तेथे गेलो होतो. मी खे नावाच्या पुळणीवर पहाटे पाच वाजता पाहावे, तर अर्धे शहर पाण्यात! म्हाताऱ्या बायका गळाभर पाण्यात उभ्या राहून गप्पा मारताहेत, कोणी हातपाय हलवून व्यायाम करताहेत, बाप आपल्या चिमुरड्यांना पोहायला शिकवताहेत. एका बाजूला कोळ्यांनी अर्धवर्तुळात जाळे टाकलेले असते आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून दहाबारा माणसे मागे मागे सरकत ओढत असतात. जाळे वर आले की मासळी तेथेच वाळूवर विकली जाते. सातसाडेसातला ऊन तापू लागले की सगळे घरोघर! नऊदहाला आमच्यासारखे पाहुणे न्याहारी आटोपून हातात टॉवेल घेऊन डुलत डुलत येतात, तेव्हा वाळूवर फक्त उपड्या टोपल्या उरलेल्या असतात.

ह्या टोपल्या म्हणजेच तेथल्या होड्या. बांबूच्या कामट्या विणून केलेली, माणूस मावेल एवढी मोठी गोल परडीच म्हणा ना! तिच्या फटी बुजवायला पूर्वापार शेण लिंपतात आणि वरून झाडाच्या राळेच्या तेलाचा लेप देतात. शेणाने अंगण सारवलेले आपण पाहिले आहे. शेणाने सारवलेल्या होडीत बसून समुद्रावर जाणारी माणसे मी प्रथमच पाहिली. हल्ली प्लॅस्टिकच्या टोपल्याही आल्या आहेत, पण आकार तोच.

देशाची एकूण किनारपट्टी 3,200 किलोमीटरहून अधिक. तिच्यातला आम्ही पाहिला तो तुकडा लहानसाच, सुमारे 30 किलोमीटरांचा. उत्तरेला सोन त्रा नावाचा डोंगर समुद्रात शिरलेला आहे आणि त्याच्या अंगावर करुणेची देवता क्वान आम हिची 67 मीटर उंचीची शुभ्र मूर्ती समुद्राकडे पाहत उभी आहे. दक्षिणेला थू बोन नदीच्या मुखापाशी होई आन हे जुने बंदर. मध्ये सलग वाळू. मधेच सपाटीतून संगमरवराच्या पाच टेकड्या उगवल्या आहेत. जल, काष्ठ, अग्नी, पृथ्वी आणि धातू अशी त्यांची नावे. म्हणजे पंचमहाभूतेच, फक्त यादी चिनी.

हा सगळा पट्टा पायी आणि भाड्याच्या सायकलींवरून हिंडताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात येऊ लागली. ह्या वाळूवर समुद्रातून कितीजण उतरून गेले! भारतातून वर्णमाला आली. चीन आणि जपानचे व्यापारी आले. होई आनचा छप्पर असलेला जपानी पूल अजून उभा आहे. पोर्तुगीज पाद्री आले, फ्रेंच आले. 8 मार्च 1965 रोजी शहराच्या वायव्येच्या पुळणीवर अमेरिकन मरीन सैनिक उतरले, तेव्हा शाळकरी मुलींनी त्यांच्या गळ्यात हार घातले होते. दहा वर्षांनी, 29 मार्च 1975 रोजी, दा नांग उत्तर व्हिएतनामच्या फौजांच्या हाती गेले. आज त्या लढाईची खूण वाळूत शोधूनही सापडत नाही.

मग राहते काय? माझा व्यवसाय भाषेचा, म्हणून मी अक्षरांकडे पाहत होतो.

आजची व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहितात. अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी इतकी चिन्हे, की पाटीवर मुंग्या चढल्यासारखे वाटावे. ही लिपी सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी घडवली, आणि तिची आरंभीची खटपट ह्याच होई आनच्या परिसरात झाली. फ्रांसिस्को द पिना हा त्यांतला अग्रणी; 1625 साली तो ह्याच समुद्रात बुडून वारला. त्याच्याकडे भाषा शिकलेल्या अलेक्झांडर द ऱ्होड्सने 1651 मध्ये रोमला कोश छापला. हा ऱ्होड्स पूर्वेकडे येताना गोव्यात राहिला होता. त्याच गोव्यात फादर स्टीफन्सचे मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रोमन अक्षरांत छापून झालेले होते! मराठीने ती लिपी पुढे सोडून दिली, व्हिएतनामीने ती आपली केली.

ह्या लिपीने आमच्या सहलीतल्या पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांची मात्र मोठी फजिती केली. उपाहारगृहांवर जागोजागी 'चाय' अशी पाटी वाचून ते हर्षभराने आत शिरले आणि आले घातलेला चहा मागू लागले. समोर आला भात, टोफू आणि पालेभाजी. तेथे 'चाय' म्हणजे शाकाहार! चांद्रमासाच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला तेथली पुष्कळ माणसे मांसमच्छी वर्ज्य करतात. आमच्या सौभाग्यवतींना ह्या पाटीने पंधरा दिवस सांभाळले. हळद घातलेल्या तांदळाच्या पिठाचा 'बान्ह सेव' तर त्यांनी घावनाचा चुलतभाऊ म्हणून तात्काळ मान्य केला. फक्त आतली कोळंबी काढायला लावली.

हेच गृहस्थ होई आनपासून सुमारे 40 किलोमीटर आत असलेल्या मी सोन येथे आमच्याबरोबर होते. चोहोबाजूंनी डोंगर आणि मध्ये लाल विटांची शिवमंदिरे. चौथ्या शतकात चंपा देशाचा राजा भद्रवर्मन् याने येथे शिवाची स्थापना केली आणि आपल्या नावावरून त्याला भद्रेश्वर म्हटले. विटांच्या सांध्यांत चुना दिसत नाही, इतक्या त्या नेमक्या बसवलेल्या. 1969 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन बाँबफेकीत तेथले सर्वांत भव्य मंदिर कोसळले. 2017 ते 2022 ह्या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याने काही मंदिरांची डागडुजी केली, आणि त्या कामात 2020 साली मातीखालून एक अखंड शिवलिंग निघाले.

गृहस्थांचा ऊर भरून आला. "पाहिलंत? हे सगळं आपलंच!" असे ते आम्हांला म्हणाले, आणि मग तेच आमच्या वाटाड्या मुलीला इंग्रजीत ऐकवले. ती बावीसतेवीस वर्षांची पोर शांतपणे हसली आणि म्हणाली, "देव तुमच्याकडून आले असतील, आजोबा. विटा इथल्या मातीच्या आहेत."

तिने 'आजोबा' म्हटले ह्याचे त्यांना वाईट वाटले असावे, पण तेथे तो शिष्टाचार आहे. त्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' ह्यांचे काम काका, मावशी, दादा, आजोबा हेच शब्द करतात. म्हणून परक्याला आधी वय विचारतात. देवमाशालासुद्धा कोळी 'ओंग' म्हणजे आजोबा म्हणतात. मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला तर त्याचे विधिपूर्वक दफन होते, आणि तो ज्याला प्रथम दिसला त्याने थोरल्या मुलाप्रमाणे सुतक पाळायचे.

मला त्या मुलीचे उत्तर फार मोलाचे वाटले. मी सोनजवळच चंपाच्या जुन्या राजधानीच्या परिसरात एक शिलालेख सापडला आहे. तो चौथ्या शतकाचा मानतात. त्याची अक्षरे भारतीय वळणाची, पण भाषा चाम! जो मान राखील त्याचे भले होवो, जो अपमान करील तो पिढ्यांसह नरकात जावो, असा त्याचा आशय. आपल्या अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखातही शापवचन कोरलेले आहे. मात्र चाम भाषेचा हा लेख त्याच्याहून कित्येक शतके जुना. चाम लोकांनी अक्षरे घेतली ती स्वतःचे बोलणे दगडावर टिकवण्यासाठी. घेणाऱ्याच्या ह्या शहाणपणाचे श्रेय देणाऱ्याने आपल्या खात्यावर जमा करू नये.

हा मुद्दा नुसत्या अभिमानाचा नाही. 1471 मध्ये उत्तरेकडच्या व्हिएतनामी राज्याने चंपाची विजया राजधानी जिंकली आणि चाम माणसे दक्षिणेकडे ढकलली गेली. त्यांतली काही आज फान रांगच्या बाजूला राहतात, स्वतःला 'बालामोन', म्हणजे ब्राह्मणधर्मी, म्हणवतात आणि आपल्या नवरात्र-दिवाळीच्या आसपास 'काते' नावाचा उत्सव करतात. 'सगळे आपलेच' असे आपण म्हणू लागलो, की ही जिवंत माणसे त्या वाक्यातून नाहीशी होतात.

आणि वाळूचेही तेच आहे. होई आनच्या कुआ दाइ पुळणीवर आम्ही गेलो तेव्हा तेथे वाळूच्या मोठमोठ्या पिशव्यांचे बांध होते. 2014 पासून समुद्राने ती पुळण झपाट्याने खाल्ली. नदीवर वरच्या अंगाला धरणे झाली, पात्रातून वाळू उपसली गेली, मुखाशी बांधकामे झाली. जी वाळू नदी समुद्राला देत होती ती येईनाशी झाली. वाळूची ही देवघेव आपल्या खाड्यांच्या तोंडाशीही चालते आणि वाळूचा उपसाही चालतो, एवढे येथे नमूद करतो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दा नांगला वादळी पावसाचे दिवस असतील. जायचे झाल्यास फेब्रुवारीनंतर जावे, आणि पहाटे पाचचा गजर लावून उठावे. पाण्यात उभ्या असलेल्या एखाद्या आजीबाई तुमचे वय विचारतील. ते खरे सांगावे, म्हणजे तुमचे नाते ठरेल.