नव्वद नंबरचा हट्ट

आंबा घाट, डिसेंबरची सकाळ. तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला आणि खर्रर्र! शेजारच्या सीटवर झोपलेली मैत्रीण दचकून उठली. म्हटलं, काही नाही गं, गाडी घसा साफ करतेय.

गाडी म्हणजे बाबांची २००१ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक. १०६ अश्वशक्ती! २००३मध्ये हे मॉडेल गेलं, पण काटा वर चढला की तिचा आवाज आजही अंगावर काटा आणतो. गुडघ्यांनी दगा दिल्यावर बाबांनी क्लच सोडला आणि चावी माझ्याकडे आली. सोबत रत्नागिरीतले, साळवी स्टॉपजवळचे मेस्त्रीकाकाही वारसाहक्काने आले.

"ऑईल बदलू या," काका म्हणाले आणि पोराला हाक मारली, "नव्वद नंबर आण रे!"

नव्वद नंबर म्हणजे ८०डब्ल्यू-९०, जाड गिअर ऑईल. जीप, टेम्पो, ट्रक, सगळ्यांना एकच औषध. मी ग्लव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढलं. (पानं एकमेकांना चिकटलेली. कोकणातली हवा!) त्यात स्वच्छ लिहिलंय, होंडाचं एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड वापरा. ते मिळेपर्यंत तात्पुरतं १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० इंजिन ऑईल चालेल.

"गिअरबॉक्सात इंजिन ऑईल?" काका हसले. पोरंही हसली. "अगो, तुझ्या बाबांच्या वेळेपासून नव्वदच घालतोय. ते कधी काय बोलले नाहीत."

यावर काय बोलणार?

पण फंडा असा आहे. गिअर टाकताना सिंक्रोनायझरची पितळी रिंग गिअरच्या कोनाला घासते आणि दोघांचा वेग जुळवते. त्यासाठी तिला पकड हवी, म्हणजे मधलं ऑईल क्षणात बाजूला सरायला हवं. जाड ऑईल, त्यात गाडी थंड, पटकन हलतच नाही. रिंग घसरते, वेग जुळत नाही आणि दात दातांवर आपटतात. डब्यावर जीएल-५ लिहिलं असेल तर आणखी एक भानगड. त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात, जीपच्या मागच्या ॲक्सलमधल्या हायपॉइड गिअरसाठी. तिथे ती हवीतच. सिटी चालते पुढच्या चाकांवर, तिच्यात हायपॉइड गिअर नाहीच. आणि यातली काही रसायनं तापली की पितळ खातात. तेव्हा 'रेसिंग', 'फुल सिंथेटिक' असले शब्द बघून भाळू नका, डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा.

पोरांसमोर मी वाद घातला नाही. काकांना टपरीवर चहाला नेलं. म्हटलं, काका, एकदाच, माझ्या जबाबदारीवर. त्यांनी चहा संपवला. "आण तुझं ते पातळ पाणी."

एमटीएफ कोल्हापूरहून आणलं. पुढच्या रविवारी काकांनी आधी भरायचा नट सुटतोय ना ते पाहिलं, मगच खालचा काढला. (हे मॅन्युअल शिकवत नाही. जुनं ऑईल सांडल्यावर वरचा नट अडला, तर गाडी जागेवरून हलवायची सोय नाही.) काळपट ऑईल ट्रेमध्ये उतरलं. काकांनी दोन बोटांवर घेऊन उन्हात धरलं. बारीक सोनेरी चमक.

"पितळ," एवढंच म्हणाले.

भोकातून ओघळेपर्यंत नवं ऑईल भरलं, दोन लिटरच्या आतबाहेर. हातखंब्यापर्यंत काकांनीच चालवली. लोण्यासारखे गिअर पडत होते. पण सकाळी पहिल्या पाच मिनिटांत दुसरा गिअर अजून जरा अडतोच. झिजलेली रिंग ऑईलने परत वाढत नाही. ती बदलायची तर गिअरबॉक्स उतरवायचा, आणि ते बजेट आता दिवाळीनंतरच. बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अडायचा खरा. मला वाटायचं माझाच पाय नीट पडत नाही."

मंगळवारी ऑफिसात असताना काकांचा फोन. "त्या पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स पाठव गो. मारुती मंदिरच्या डॉक्टरांकडे पण हीच गाडी आहे. त्यांना गेल्याच महिन्यात नव्वद भरलंय."